वाऱ्याची गळती

नामदेवभाऊ कुणाच्याही घरी पहिल्यांदा गेले, की चहा यायच्या आधी खिशातून उदबत्ती काढतात आणि पेटवतात. घरच्यांना वाटतं, माणूस भाविक आहे. घरातली बाई लगबगीने देव्हारा दाखवते. नामदेवभाऊ देव्हाऱ्याकडे पाठ करून दारापाशी उकिडवे बसतात, उदबत्ती उंबऱ्याजवळ धरतात आणि धूर कुठे वळतो ते बघत राहतात. मग खिडकी. मग भिंत आणि छप्पर जिथे भेटतात तो कोपरा. धूर जरासा वाकडा झाला, की मान हलवून निकाल देतात, “गळती हाय.”

आमच्या मढ गावात एकाने नवा बंगला बांधला. सरकत्या खिडक्या, खाली मार्बल, दाराला पितळी कडी. वास्तुशांतीला अख्खं गाव जेवायला. भटजी होमापुढे बसलेले, आणि नामदेवभाऊ भिंतीकडेने उदबत्ती घेऊन फिरतायत. भटजींनी मंत्र थांबवून बघितलं, तसे हे म्हणाले, “तुमचं चालू द्या म्हाराज. ह्या खिडकीतनं वारं येतंय तेवढं बघतो.” घरमालक कावला. “अवो भाऊ, खिडकी काय बघताय, मार्बल बघा की!”

“बघितला,” नामदेवभाऊ म्हणाले. “लई गार हाय.”

एकदा गावात दुःखाचं घर होतं. आम्ही दोघं भेटायला गेलो. फोटोपुढे उदबत्ती लावायची म्हणून यांनी लावली, आणि धूर सरळ वर जायचा तो खिडकीकडे वळला. नामदेवभाऊंची नजर फोटोवरून सुटली. मी कोपराने ढोसलं, तरी तीनदा खिडकीकडे बघितलंच. शेवटी त्या माउलीच पदर डोळ्याला लावून म्हणाल्या, “बघा भाऊ, बघा. त्यान्लाबी तिथनंच गार लागायचं.”

या माणसाविषयी आमच्या गावात दोन गोष्टी सांगतात. एक, की थंडीच्या भीतीने त्याचं डोकं फिरलंय. दुसरी, की त्याने खोटं बोलून आपल्या बायकोला घरातून घालवलं. पहिली सांगताना लोक हसतात. दुसरी हळू आवाजात सांगतात. मी त्यांचा शेजारी. आमच्या दोन घरांत एक माणूस आडवा होऊन जाईल एवढीच बोळ आहे. दुसऱ्या गोष्टीतलं खोटं नेमकं काय होतं आणि ते कोण कोण बोललं, हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे. लोक सांगत राहिले आणि मी चहा पीत राहिलो. आता माझंही वय झालं. जे घडलं ते लिहून ठेवतो.

नामदेवभाऊ इकडच्याच एका धरणावर खलाशी म्हणून नोकरीला होते. काम काय, तर गळती बघणं. भिंतीच्या पोटात जो बोगदा असतो, त्यातून बॅटरी घेऊन चालायचं, कुठे ओल आली, कुठे थेंब पाझरतो, ते बघून साहेबाला कळवायचं. सगळी नोकरी अशी ओल्या भिंतीला हात लावत गेली. रिटायर होऊन घरी आले तेव्हा हाताला काम राहिलं नाही, पण हात भिंतीवर फिरायचा थांबेना. आणि पाणी नव्हतं म्हणून त्यांनी वारं धरलं.

“वारं म्हंजे पातळ पाणीच की,” ते सांगतात. “त्येला बी फट लागती. थंडी काय दार वाजवून येत न्हाई राव. आपुन तिला घरात घेतो.”

‘गळती इंजिनियर’ हे नाव त्यांना मीच दिलं. एस.टी.त कंडक्टर होतो, नावं ठेवायची सवय. स्टँडवर एकदा बोललो आणि पार ओतूरपर्यंत झालं. नामदेवभाऊंना राग नाही आला. उलट म्हणाले, “इंजिनियर म्हन्लास, खलाशी न्हाई म्हन्लास. बरं वाटलं.”

आमचं गाव माळशेजच्या वाटेवरचं. इथे तयारी करायची ती पावसाची, असं पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं. पाऊस पश्चिमेकडून झोडपतो, म्हणून रोहिणी लागायच्या आत त्या बाजूच्या भिंतीला पेंढ्याची नि पानांची झड बांधायची. म्हणजे भिंतीला बाहेरून घोंगडं पांघरल्यासारखंच. दसऱ्यानंतर झड सोडायची, कुजलेली शेतात टाकायची, विषय संपला. हिवाळ्याची तयारी म्हणजे पेटीतली गोधडी काढून उन्हात टाकणं. त्यापलीकडे कुणी काही केल्याचं मी तरी बघितलं नव्हतं.

नामदेवभाऊंची खरी लगबग दसऱ्यानंतर सुरू होते. पावसाळ्याची झड ते टाकत नाहीत. नवा पेंढा घालून तीच पुन्हा बांधतात, फक्त पश्चिमेऐवजी उत्तरेच्या भिंतीला. पहिल्या वर्षी ते बघून एक पाहुणा म्हणाला, “भाऊ, पाऊस तिकडनं येतो.” नामदेवभाऊ शिडीवरूनच म्हणाले, “पाऊस ग्येला पावनं. आता दुसरा गडी येतोय.”

मग कारवीच्या कुडाची भिंत. शेण-मातीने ती सगळेच लिंपतात, पण आतून. हे आतून-बाहेरून लिंपतात, आणि गिलावा ओला असतानाच भिंतीला कान लावून उभे राहतात. मग कौलं. सत्तरी ओलांडलेला माणूस, गुडघ्याला फडकं बांधून छपरावर चढतो आणि एकेक कौल उचलून खाली पेंढ्याची वळी बसवतो. खालून वहिनी ओरडतात, “अवो उतरा, पडला म्हंजे मी काय करू?” वरून उत्तर येतं, “अंगावर पडंन त्या कौलाला हात लावू नको, ते पक्कं बसलंय.” त्याचा अर्थ मला आजतागायत कळलेला नाही.

दारांचं तर विचारूच नका. धरणावरच्या खाकी गणवेशाच्या पँटी त्यांनी जपून ठेवल्या होत्या. एकेक पाय कापला, भाताचा तूस ठासून भरला, दोन्ही टोकं शिवली आणि दारांच्या फटींना आतून आडवे लावून टाकले. एकदा नवा वायरमन मीटर बघायला आला. दार जरा लोटलेलं, आणि फटीत खाकी पाय आडवा. तो बोळीतून ओरडत माझ्याकडे आला, “बाबा, आत कुणीतरी पडलंय!” मी धावलो. नामदेवभाऊ आतून शांतपणे म्हणाले, “पडला न्हाई. ड्युटीवर हाय.”

गोठ्यातल्या म्हशीला गोणपाटाची झूल, त्यावर जुना स्वेटर कापून शिवलेला. चुलीच्या निखाऱ्याजवळ विटा ठेवायच्या, संध्याकाळी त्या फडक्यात गुंडाळून अंथरुणात पायाशी द्यायच्या. लोक हसायचे. मी तर सगळ्यांत पुढे. पण खरं सांगतो, डिसेंबरातल्या एखाद्या सकाळी, शेतातल्या खाचरांत दहिवराने सगळं पांढरं दिसायचं, माझ्या घरात माझे दात वाजायचे, आणि चहाचं निमित्त काढून मी बोळ ओलांडून त्यांच्या घरात गेलो की अंगातली शाल आपोआप सैल व्हायची. विहिरीत उतरल्यावर वरचा आवाज बंद होतो, तसा दार लावलं की वारा बंद व्हायचा. असं घर मी दुसरं बघितलेलं नाही. हसत आत जायचो आणि आत गेल्यावर गप्प बसायचो.

हे सगळं कुणासाठी, हे गावाला माहीत होतं. ते वहिनींसाठी.

अनसावहिनी निरगुडसरच्या. आंबेगाव तालुक्यातली, उसाची, बागायतीची, मोकळ्या पठारावरची मुलगी. लग्न होऊन इकडे आल्या, मुलगा झाला, तो मोठा झाला, केस पिकले. पण नामदेवभाऊंच्या हिशेबी त्या अजून नव्याच. “ती तिकडची हाय राव,” ते म्हणायचे, “तिला हितली थंडी अजून सोसायची हाय.” जणू गेल्या आठवड्यात वरात आली.

वहिनींना दमा लागला तेव्हा ओतूरच्या डॉक्टरांनी बजावलं, थंडीपासून जपा आणि धुरापासून जपा. नामदेवभाऊंनी त्याच दिवशी चूल पडवीत नेली आणि आत गॅस ठेवला. राहिली थंडी. आणि इथे त्यांचा मुलगा संतोष मध्ये आला. तो चाकणला कंपनीत, मोशीला फ्लॅट. चांगला पोरगा. त्याचं म्हणणं सरळ होतं. “आबा, आईला दिवाळीनंतर माझ्याकडं पाठवा. शिमगा झाला की आणून सोडतो. तिथं एवढी थंडी नसती, दवाखाना खाली हाय.”

“तिला हितं गार लागलं तर ने,” नामदेवभाऊ म्हणाले.

“लागतंच की.”

“न्हाई लागत. तू झोपून बघ.”

त्यातून तो करार झाला. दरवर्षी देवदिवाळीच्या सुमारास संतोषने यायचं, आतल्या खोलीत आईच्या बाजेशेजारी खाली अंथरूण टाकायचं आणि एकच गोधडी पांघरून झोपायचं. रात्रीतून त्याने दुसरी गोधडी मागितली, तर आई मोशीला. नाही मागितली, तर आई इथेच. गावात यावर चर्चा व्हायच्या. त्या दिवशी नामदेवभाऊ वहिनींना पोरासाठी मासवडी आणि तिखट रस्सा करायला लावायचे. इतका तिखट, की संतोषच्या कानांतून वाफ निघायची. संतोष म्हणायचा, “आबा, ही चिटिंग हाय.” हे म्हणायचे, “पोटच्या पोराला जेवू घालनं चिटिंग झालं व्हय रे?” एका वर्षी संतोष सकाळी उठून बाहेर आला तो बनियनवर. “आबा, पंखा हाय का?” म्हणाला. नामदेवभाऊ ते वाक्य सांगायला पारावर गेले, स्टँडवर गेले, आणि मग डिंगोऱ्याला काही काम काढून तिथेही सांगून आले.

वहिनी हसायच्या आणि म्हणायच्या, “दोघंबी मला पणाला लावत्यात. मला इचारलंय का कुनी?” खरंच कुणी विचारलं नव्हतं. मीही नाही.

दोन हिवाळ्यांपूर्वीची गोष्ट. त्या साली थंडी लवकर पडली. नामदेवभाऊ उदबत्ती घेऊन फिरले, आणि सगळीकडे धूर सरळ, फक्त आतल्या खोलीत नाही. तिथे उत्तरेला एक लहान खिडकी होती. शेताकडे उघडणारी, पलीकडे डोंगर. वहिनी दुपारी तिच्यात बसून तांदूळ निवडायच्या. लाकूड जुनं, फुगलेलं. फळ्या मारल्या, चिंध्या कोंबल्या, तरी धूर तिथे वाकायचाच. दोन दिवस ते जेवणावरून उठून त्या खिडकीकडे बघत. तिसऱ्या दिवशी विटा आणल्या आणि चिखलात खिडकीच बुजवून टाकली. बाहेरून झड. आतून गिलावा, वर पांढरी माती. कुठे खिडकी होती ते हात फिरवून सांगावं लागे.

मला बोलावलं. दार लावलं, खाकी पाय जागेवर सरकवला, खोलीच्या मधोमध उदबत्ती ठेवली. धूर निघाला आणि दोरा लोंबावा तसा उलटा, वर, थेट वर गेला. आढ्यापाशी जाऊन पसरला. मी श्वास रोखून बघत होतो. देवळाच्या गाभाऱ्यात धूर हलतो, पण या माणसाच्या घरात हलत नव्हता. मला टिंगल सुचेना. एका माणसाने नुसत्या हाताने, शेण-माती-तुसाने, सह्याद्रीवरून येणारं वारं थांबवलं होतं, कशासाठी, तर बायको चार महिने दुसऱ्या गावाला जाऊ नये म्हणून.

“कसं काय?” त्यांनी विचारलं.

“भाऊ,” मी म्हणालो, “तुम्ही धरण बांधलंय.”

त्यांचे डोळे भरून आले. वहिनी दारात तांदळाचं सूप घेऊन उभ्या होत्या. “आता ह्ये कुठं बसून निवडू?” एवढंच म्हणाल्या आणि पडवीत गेल्या.

संतोष आला. मासवडी झाली. आणि त्या वर्षी नामदेवभाऊंनी, यश हाताशी आलेलं असताना, आणखी एक गोष्ट केली. वहिनींच्या बाजेखाली शेगडी ठेवली. आमच्याकडे बाळंतिणीच्या बाजेखाली निखाऱ्याची शेगडी ठेवतात, आईच्या आईपासून ठेवतात, कुणाला काही झालेलं नाही. डॉक्टर धुराला नाही म्हणाले होते. निखाऱ्याला धूर नसतो. चूक एवढीच, की त्या सगळ्या बाळंतिणी गळक्या घरांत निजायच्या. हे घर गळत नव्हतं.

तांबडं फुटत होतं तेव्हा बोळीतून संतोषची हाक आली, “काका! काका, या!” मी गेलो. त्याने शेगडी अंगणात भिरकावली होती, मधलं दार उघडं होतं, आणि स्वतः डोकं धरून भिंतीला टेकत टेकत पुन्हा आत जात होता. वहिनी बाजेवर उठून बसल्या होत्या. दोन्ही हातांनी बाजेची कड धरलेली. छाती भात्यासारखी, पण हवा आत जात नव्हती. संतोषने दम्याचा पंप तोंडाला लावला. उचलायला गेलो तर त्यांनी मानेनेच नको म्हटलं. हलायलासुद्धा श्वास लागतो. मधल्या दारातून वारा त्या खोलीपर्यंत पोचत नव्हता. कसा पोचणार? त्याला पलीकडे जायला वाटच नव्हती.

नामदेवभाऊ खोलीत नव्हते. क्षणभर मला वाटलं, घाबरून बाहेर गेले. मग मागच्या अंगाला झड टराटर फाटल्याचा आवाज आला, आणि पाठोपाठ भिंतीवर पहारीचा घाव. पहिला. दुसरा. गिलाव्याला चीर गेली. आम्ही वहिनींना आडोसा धरून उभे राहिलो. तिसऱ्या-चौथ्या घावाला वीट आत पडली, आणि तिच्या मागोमाग उजेड आला. आणि वारं. काय वारं होतं ते. एवढी वर्षं बाहेर थांबवलेलं सगळं एकदम आल्यासारखं. भोकातून नामदेवभाऊंचा चेहरा दिसला, चिखलाने माखलेला. हाताने विटा ओढत होते. तोंडाने एकच, “घे गं. घे. घे.”

मी त्या माणसाला सगळा जन्म फटी बुजवताना बघितलं होतं. त्याला आपलं सगळ्यांत चांगलं काम एका दमात फोडताना बघितलं, आणि त्यात एक क्षणही मोडतोड वाटली नाही. बांधताना जेवढा जीव लावला होता, तेवढाच जीव लावून तो तोडत होता.

हळूहळू वहिनींचा श्वास मोकळा झाला. खांदे खाली आले. त्यांनी डोळे उघडले, खिडकीकडे बघितलं आणि म्हणाल्या, “उजाडलं व्हय?”

संतोषने त्यांना ओतूरच्या दवाखान्यात नेलं. दुपारी परत आले तेव्हा त्या ठीक होत्या, थकलेल्या. डॉक्टरांनी शेगडीबद्दल संतोषची हजेरी घेतली होती. संतोष अंगणात गाडीपाशी उभा होता. तो भला पोरगा म्हणाला, “आबा, करार तो करार. म्या गोधडी मागितली न्हाई. तुमी जिंकलाय. तुमी म्हणाल तसं.”

वहिनी ओट्यावर बसलेल्या. त्यांनीही मान हलवली. “मी कुठं जात न्हाई,” म्हणाल्या. “ह्येंना भाकरी कोन घालंल?”

मला वाटलं, झालं. नामदेवभाऊ जिंकले, आणि आता हा हिवाळा कसा काढायचा ते बघू. नामदेवभाऊ नखांतला चिखल काढत होते. वर न बघता म्हणाले, “मागितली व्हतीस.”

“काय?”

“गोधडी. येक न्हाई, दोनदा मागितलीस. म्याच दिली न्हाई. झोपेत व्हतास, तुला याद नसंल.”

“आबा...”

“घर गार हाय. न्ये तिला.”

वहिनींनी त्यांच्याकडे नीट बघितलं. “म्या जागी व्हते सगळी रात. पोरानं तोंड उघडलं न्हाई.”

“तू घोरत व्हतीस.”

“मी? ह्या दम्यात?” मग त्या माझ्याकडे वळल्या. “भाऊजी, तुमी शेजारी. तुमच्या भिंतीसमोर आमची खोली. तुमीच सांगा. ऐकलं काही?”

नामदेवभाऊंनी तेव्हा पहिल्यांदा वर बघितलं. माझ्याकडे.

“ऐकलं वहिनी,” मी म्हणालो. “दोनदा मागितली.”

जन्मभर लोकांना तिकिटं फाडून दिली, कधी खोटं तिकीट दिलं नाही. ते एक दिलं. वहिनी आत गेल्या आणि लुगडी बांधायला लागल्या. जाताना गाडीत बसल्यावर नवऱ्याकडे बघितलं नाही. कौलांकडे बघितलं.

गावाला काय कळलं? की पोराने काही मागितलं नव्हतं, म्हाताऱ्याने खोटं सांगितलं, हट्टाने घर फोडलं आणि आजारी बायकोला घालवून दिलं. संतोषच्या तोंडून अर्धं कुणी ऐकलं, बाकीचं आपलं घातलं. कुणी म्हणालं डोकं फिरलं, कुणी म्हणालं कंटाळला. ते खोटं वहिनींच्या जिवासाठी होतं आणि त्यात मीही होतो, हे मी सांगितलं असतं तर त्यांच्या कानावर गेलं असतं, त्या परत आल्या असत्या. म्हणून मी गप्प. पहिल्या हिवाळ्यात हे कारण खरं होतं. पुढे ती नुसती सवय झाली. माझ्या शेजाऱ्याला लोक बायको हाकलणारा म्हणत राहिले, आणि मी ‘असेल बाबा’ असं तोंड करून बसलो.

शिमग्याला संतोष वहिनींना आणून सोडतो. दिवाळी झाली की त्या आपण होऊन लुगडी बांधतात. आता कुणी करार करत नाही. त्यांना सगळं ठाऊक आहे असं मला हल्ली वाटतं. एकदा मला चहा देताना म्हणाल्या, “भाऊजी, तुमच्या भिंतीतनं लई ऐकू येतं वो.” कप हातात देऊन आत गेल्या.

मी नामदेवभाऊंना विचारलं, तुम्हीही चार महिने मोशीला का जात नाही. म्हैस आहे म्हणाले. म्हैस मी बघीन म्हटलं. तर म्हणाले, “ग्येलो व्हतो राव दोन दिस. पाचवा मजला, काचंच्या खिडक्या, समदं रबरानं बंद. म्या उदबत्ती लावून बघितली. कायच गळत न्हाई. मग म्या तिथं करायचं काय?”

यंदाही झड उत्तरेला बांधली आहे. कौलांखाली पेंढा आहे. दारांत खाकी पाय आहेत. पण आतल्या खोलीतली ती खिडकी त्यांनी पुन्हा बसवली आहे, नव्या लाकडाची, आणि ती उघडी असते. परवा दिवस मावळताना गेलो तर खोलीत उभं राहवत नव्हतं इतकं गार. नामदेवभाऊ माकडटोपी घालून, घोंगडी पांघरून बाजेवर बसलेले, आणि एक हात खिडकीबाहेर काढलेला. हातात मोबाइल. बाहेर खाचरं ओस पडलेली, गुरं परतत होती, घंटा वाजत होत्या, वाऱ्याने झडीचा पेंढा सळसळत होता. कुठूनतरी टिटवी ओरडली.

मी म्हटलं, “भाऊ, काय हे? हात आखडेल. आणि खिडकी लावा की, आता आत आहे कोण?”

त्यांनी दुसऱ्या हाताचं बोट ओठांवर ठेवलं.

“बोलू नको राव,” ते कुजबुजले. “ती ऐकतीया.”